तिसऱ्या पानावरचं कात्रण

माझं अक्षर वाईट आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. शुद्धलेखनाच्या चुकाही असतील. चौथीनंतर शाळा सुटली. पुढं जे काही लिहायला आलं ते पेपर वाचून आलं, आणि तेही पेपर कापता कापता. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही, तरी माफी मागून ठेवलेली बरी. ज्या वहीत लिहिते आहे ती बाईंची आहे. तिच्यात पट्टीनं रकाने आखलेले आहेत. वर तारीख, पान, सेंटिमीटर असं त्यांच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं आहे, आणि खाली सगळं कोरं राहिलं आहे. मी रकाने ओलांडून आडवी लिहीत चालले आहे.

बाई संशोधन करायच्या. मूळच्या जयसिंगपूरच्या, वडील शाळेत मास्तर. मुसलमान घरातली मुलगी एकटी राहून पीएचडी करते हे त्या वेळी, म्हणजे शतक बदलायच्या थोडं आधी, आमच्या गल्लीला नवीन होतं. समोरच्या माडीवरची खोली त्यांनी भाड्यानं घेतली. त्याआधी कोल्हापुरात तीन ठिकाणी खोल्या ठरल्या होत्या, पण आडनाव सांगितल्यावर तिन्ही खोल्या घरमालकांना स्वतःलाच लागायला लागल्या. हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. आम्ही बौद्ध. आम्हालाही खोल्या अशाच मिळतात.

मी तेव्हा रद्दीच्या पिशव्या करायचे. आमचे हे गूळ मार्केटात हमाल, आणि एक मुलगी शाळेत जाणारी. सकाळी मैद्याची खळ करून ठेवायची, दुपारभर उंबऱ्यात बसून कापायचं, दुमडायचं, चिकटवायचं, आणि संध्याकाळी किराणा दुकानात नेऊन द्यायच्या. मला बोलायला कधी जमत नाही. दुकानदारानं पाच पिशव्या कमी मोजल्या तरी मी तशीच परत यायचे. कात्री मात्र माझी सरळ चालते. बाईंनी तीच बघितली. एक दिवस जिना उतरून आल्या आणि म्हणाल्या, पट्टी न लावता एवढं सरळ कसं कापता, मला शिकवा. मी मान खाली घालून आणखी एक पान कापून दाखवलं.

त्यांच्याकडं दोन वर्षांचे पेपर होते. एका निवृत्त मास्तरांनी माळ्यावर साठवलेले गठ्ठे त्यांनी मागून आणले होते. त्यातल्या काही बातम्या कापायच्या होत्या. कुठल्या, असं मी विचारलं.

"आपली माणसं पेपरात किती येतात, कुठल्या पानावर येतात, आणि काय म्हणून येतात, ते मोजायचं आहे, आक्का."

"आपली म्हंजे?"

"तुमची, माझी. जी थोडी हायत ती."

एका कात्रणाला पंचवीस पैसे ठरले. पिशव्यांपेक्षा ते बरं होतं. घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "पेपर बघून डॉक्टर व्हत्यात व्हय? मग आपला रद्दीवाला मोठ्या दवाखान्यात पायजे हुता की." बाईंना ते मुलीनं जाऊन सांगितलं. पुढं किती दिवस बाई रद्दीवाल्याला डॉक्टरसाहेब म्हणायच्या, आणि तो बिचारा मागं वळून बघायचा.

कामाची रीत अशी होती. मी गठ्ठा घ्यायची, एकेक पान वाचायची. आडनावावरून, वस्तीच्या नावावरून ओळखायचं. कापलं की पाठीमागं पेन्सिलीनं तारीख आणि पान लिहायचं. मग बाई पट्टीनं बातमीची लांबी मोजून वहीत उतरवायच्या आणि कात्रण पाकिटात घालायच्या. पाकिटं मीच केली होती. त्यांवर त्यांनी लिहिलं होतं: गुन्हा, सण, मदत, निवडणूक, मत. पहिली चार मला कळली. मत कशासाठी ते विचारलं. बाई म्हणाल्या, गुळाचा दर पडला, नळाला पाणी आलं नाही, बसचं भाडं वाढलं, अशा वेळी पेपरवाला चार लोकांना विचारतो की तुम्हाला काय वाटतं. त्यात आपल्या माणसाला विचारलं असेल तर ते कात्रण या पाकिटात.

चार महिन्यांत गुन्ह्याचं पाकीट फाटलं, मी दुसरं केलं. सणाचं पाकीट ईदला आणि जयंतीला फुगायचं, एरवी तसंच पडून राहायचं. निवडणुकीच्या दिवसांत हात जोडलेल्या उमेदवारांची पानंच्या पानं यायची. त्यात आमची माणसं राखीव वॉर्डापुरती, आणि तिथली बाई निवडून आली की सत्काराच्या बातमीत नाव तिच्या नवऱ्याचं. मताच्या पाकिटात नऊ कात्रणं होती. मला आकडा आठवतो, कारण मी ती पुन्हा पुन्हा काढून वाचायची. एक आमच्यातली नर्स होती, तिनं पाण्याबद्दल दोन वाक्यं सांगितली होती. ती वाचताना मला का कोण जाणे बरं वाटायचं.

आता भावाचं लिहिते. ते लिहायचं म्हणूनच ही वही काढली, पण इतका वेळ दुसरंच लिहीत बसले.

माझा भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. हुपरीला एका घरगुती कारखान्यात पैंजणाच्या कड्या झाळायचं, म्हणजे डाग देऊन जोडायचं काम करायचा. हात चांगला होता. माझ्या मुलीला त्यानं मजुरीतून कापून घेऊन बारीक पैंजण केले होते, अजून आहेत. बाई यायच्या आधी दोन वर्षांची गोष्ट. कारखान्यातून चांदीची एक लगड गेली. मालकानं पहिलं नाव त्याचं घेतलं. पोलिसांनी त्याला नेलं आणि पेपरात फोटो आला, असं आम्हाला शेजारणीनं सांगितलं. आम्ही पेपर घेत नव्हतो, आणि विकत आणून बघायची हिंमत झाली नाही. अकराव्या दिवशी कळलं की लगड मालकाच्याच मेहुण्यानं गहाण टाकली होती. मालकानं तक्रार मागं घेतली, भाऊ सुटला. ते कुठं छापून आलं नाही. हुपरीत ज्यांनी ज्यांनी पहिली बातमी वाचली होती त्यांच्या दारात तो काम मागायला गेला, आणि प्रत्येकानं त्याला चहा पाजून परत पाठवलं. चहा पाजला हे तो फार सांगायचा.

शेवटी तो चंदगडला काजूच्या कारखान्यात गेला. बाई आमच्या गल्लीत आल्या त्याच वर्षीच्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. आम्हाला निरोप मिळाला तेव्हा तो जाऊन दोन दिवस झाले होते. तिकडं रस्ते पाण्याखाली होते, तिथल्या लोकांनीच त्याचं सगळं केलं. आम्ही एसटीतून उतरलो तेव्हा बघायला काही उरलं नव्हतं.

त्याचा एकही फोटो आमच्याकडं नव्हता. माझ्या लग्नात फोटोवाला आला तेव्हा तो पंगतीत पाणी वाढत होता. मतदानाच्या ओळखपत्राचे फोटो काढायला माणसं वस्तीत आली त्या दिवशी तो हुपरीला कामावर. पुण्यानुमोदनाला बुद्धाच्या तसबिरीशेजारी त्याच्या नावाचा कागद लावला आणि त्याला हार घातला. मी दिवसभर त्या कागदाकडं बघू शकले नाही.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी, थंडीत, दुपारी उंबऱ्यात बसून मी गठ्ठा काढला आणि तिसऱ्या पानावर खाली तो होता.

दोन पोलीस आणि मधे तो. चांदीची लगड लंपास, कामगारास अटक. मालकाचं नाव नव्हतं, एका व्यावसायिकाच्या कारखान्यातून असं होतं. माझ्या भावाचं नाव वडिलांच्या नावासकट होतं, वय होतं, वस्ती होती. फोटोत तो वर बघत होता. फोटोवाला म्हणाला असेल, ए, वर बघ. त्यामुळं चेहरा पुरा आला होता. कपाळावर लहानपणी पडल्याची खूण होती तीसुद्धा दिसत होती.

मी पान दुमडून चोळीत घातलं आणि घरात आले. दार लावलं. मग कात्री घेऊन त्याला कापून काढलं. अक्षरं कापली, एक पोलीस कापला, दुसरा कापला. दुसऱ्याचा हात त्याच्या खांद्यावर होता. तो हात कापायचा तर खांदा जात होता, म्हणून बोटं तेवढी ठेवली. उरलेले तुकडे चुलीत घातले.

फोटो स्टुडिओत नेला. तो मनुष्य म्हणाला, पेपरचा आहे, मोठा केला की ठिपके दिसणार. मी म्हटलं, करा. खरंच जवळून बघितलं की नुसते ठिपके दिसतात. दारात उभं राहिलं की भाऊ दिसतो. काच लावून घेतली. पुढच्या पुण्यतिथीला त्याला हार घातला. चुलत सासूनं विचारलं, खांद्यावर हात कुणाचा गं? मी म्हटलं, दोस्ताचा. ती म्हणाली, बरं झालं, एकटा न्हाई.

बाई घरी यायच्या असल्या की मी फोटो उतरवून ट्रंकेत ठेवायची. त्यांना भाऊ गेल्याचं ठाऊक होतं, चोरीचं नव्हतं. त्यांच्या तोंडून मला रोज आक्का, आक्का ऐकायला मिळायचं. त्या पाकिटातल्या आरोपींपैकी एकाची मी बहीण, हे त्यांना सांगायला माझी जीभ उचलली नाही.

काम संपलं. बाईंनी सगळे आकडे मांडले आणि त्यांच्या गाईड सरांकडं नेले. सरांनी ग्रंथालयातल्या बांधीव अंकांतून दहा दिवस आपल्या मनानं निवडले आणि बाईंची वही शेजारी ठेवून पडताळा घेतला. नऊ दिवस बरोबर आले. दहावा दिवस तोच होता. तिसरं पान, खाली.

सरांनी त्यांना विचारलं की दहात एक सुटली तर सगळ्यात किती सुटल्या असतील. सर म्हणाले, दोन्ही वर्षं ग्रंथालयात बसून पुन्हा तपासा, नाहीतर हे आकडे मी पुढं पाठवणार नाही. बाई माझ्याकडं आल्या. चेहरा उतरला होता, पण आवाज चढला नव्हता. माझ्यासमोर जमिनीवर बसल्या.

"आक्का, मला एवढंच सांगा. हा अंक तुमच्या हातून गेलेला आठवतोय? पान फाटलं असंल, खळ सांडली असंल. काय पण असंल. एकच हाय एवढं कळलं तर मी सरांना सांगू शकते."

मी म्हणाले, "आठवत न्हाय."

एवढंच बोलले. लिहायला दोन शब्द आहेत. मी त्याच वेळी उठून ट्रंक उघडली असती तर बाईंनी वहीत एक ओळ वाढवली असती आणि प्रश्न मिटला असता. पण मला वाटलं, त्या फोटो मागतील. पुरावा म्हणून फाईलला लावतील. भाऊ पुन्हा गुन्ह्याच्या पाकिटात जाईल. हे सगळं मला त्या एका क्षणात वाटलं, आणि मग तो क्षण गेला. नंतर रोज सकाळी ठरवायची की आज सांगायचं. त्या सायकलवरून ग्रंथालयाला निघायच्या, मी उंबऱ्यातून बघायची.

आठ महिने त्या जात होत्या. दुपारचे दोन-अडीच तासच अंक बघायला मिळायचे. मधेच शिष्यवृत्तीची मुदत संपली. घरून वडिलांचं पत्र आलं की आता पुरे, इथल्या शाळेत जागा निघाली आहे. एकदा मी त्यांना भाकरी-पिठलं नेऊन दिलं तर म्हणाल्या, तुमचा काय दोष, मीच कापल्यावर नोंद ठेवत होते, आधी ठेवायला हवी होती. मी ताट घेऊन खाली आले आणि ते तसंच मोरीत ठेवून बसून राहिले.

त्या खोली सोडणार त्या दिवशी सकाळी, न सांगता आमच्याकडं आल्या. फोटो भिंतीवर होता. मी पुढं झाले, पण उतरवायला वेळ नव्हता. बाई दारात उभ्या होत्या, आणि दारातूनच तो नीट दिसतो.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग आत येऊन अगदी जवळ गेल्या. मग पुन्हा मागं आल्या.

"सगळं परत तपासलं, आक्का," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं. बाकी एकही सुटलं नव्हतं. तुम्ही एवढं एकच सोडलं होतं." मग फोटोकडं बोट करून म्हणाल्या, "दोन पोलीस होते इथं."

"कापले."

"आणि हात?"

"त्यो निघाला न्हाई."

मी सगळं सांगितलं. आयुष्यात एका दमात एवढं कधी बोलले नव्हते. लगड, मेहुणा, अकरा दिवस, चहा, चंदगड. मतदानाच्या फोटोचं सांगितलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या हातात ही वही होती, पेन होतं. मला वाटलं लिहून घेतील. त्यांनी टोपण काढलं आणि परत लावलं.

"हे मला मोजता येत नाही," त्या म्हणाल्या. "सुटल्याचं कुठं छापलंच नाही ना. माझं काम छापलेल्याचं."

मग निघताना उंबऱ्यात थांबल्या.

"तेव्हाच सांगितलं असतं तर मी झेरॉक्स काढून घेतली असती, आक्का. एका रुपयाचं काम. पान तुम्हालाच राहिलं असतं."

झेरॉक्स मला ठाऊक होती. रेशनकार्डाची काढलेली होती. पेपरचीही निघते हे त्या क्षणापर्यंत माझ्या मनातच आलं नव्हतं. बाई गेल्या. वही पाटावर राहिली. विसरली की ठेवली, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

तपासून झालं तोवर शिष्यवृत्ती संपली होती, प्रबंध लिहायचा राहिला, आणि त्यांची पीएचडी झाली नाही. त्या जयसिंगपूरला शाळेत शिकवायला लागल्या.

कात्रणांचे आणि पाकिटांचे मिळून मी त्यांच्याकडून सातशे ऐंशी रुपये घेतले होते. ज्या कामानं त्यांचं वाटोळं झालं त्याचे पैसे घरात ठेवायचे कसे, हे माझ्या मनानं घेतलं. खर्च तर केव्हाच झाले होते. पिशव्यांतून तीस रुपये साठवले आणि शाळेच्या पत्त्यावर मनीऑर्डर केली. नाकारली म्हणून परत आली. दुसरी केली, तीही परत आली. मग मी एसटीनं जयसिंगपूरला गेले. एकटीनं गाव सोडून जायची माझी ती पहिलीच वेळ. शाळेच्या फाटकाशी उभी राहिले. मधल्या सुट्टीत त्या बाहेर आल्या. वाळल्या होत्या.

"पैसे कशाला, आक्का? तुम्ही काम केलं होतं."

"घ्या," मी म्हणाले. "न्हाईतर मला भावाकडं बघाय येत न्हाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "पाठवा." घंटा झाली, मुलं पळाली, त्या आत गेल्या. चहासुद्धा विचारला नाही. मला ते बरं वाटलं.

त्यानंतर दर तीन महिन्यांनी तीस रुपये. मजकुराच्या जागेत काय लिहावं ते सुचायचं नाही, म्हणून "खुशाल आहे" एवढंच लिहायची. पोस्टमन पोचपावती आणून द्यायचा. तिच्यावर त्यांची सही असायची. मी पावती उलटी करून बघायची, कडेला काही लिहिलं आहे का. सहीशिवाय कधी काही नसायचं. पण सही असायची. मुलगी दहावी झाली, तिचं लग्न झालं, किराणा दुकानात प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आणि माझं काम गेलं, मी दोन घरी भांडी धरली. तीस रुपये चुकवले नाहीत. पावत्या ट्रंकेत ठेवत गेले.

शेवटचे तीस राहिले तेव्हा मी थांबले. पैसे होते. ते पाठवले की पुढं सही यायची नाही, एवढं मला कळत होतं. सहा-सात महिने काही पाठवलं नाही. रोज वाटायचं, बाई विचारतील, एखादं पत्र येईल. आलं नाही. भावाची पुण्यतिथी आली. फोटो पुसला, हार घातला, आणि पाहुणे गेल्यावर पोस्टात जाऊन मनीऑर्डर केली. मजकुरात लिहिलं, "हे शेवटचे. खुशाल आहे."

आठवड्यानं पोचपावती आली. नेहमीसारखी सही होती, आणि सहीखाली त्यांच्या अक्षरात, वहीवर आहे त्याच अक्षरात, लिहिलं होतं: "सर्व पोहोचले."

मी ती उलटी करून बघितली. मग बाकीच्या पावत्यांबरोबर ठेवली आणि सगळ्या बाहेर काढून एकदा मोजल्या. सव्वीस होत्या. सातशे ऐंशी रुपये पूर्ण फिटले.